जाळीच्या अलीकडे अन्वी

"साहेब, बी विंगची अन्वी सापडत नाहीये."

संध्याकाळी पावणेसहाला वॉचमनचा इंटरकॉम आला. मी खारघरच्या एका टॉवर सोसायटीत मॅनेजर होतो. अन्वी चार वर्षांची. खाली खेळताना सांभाळणाऱ्या बाईंची नजर चुकली होती.

आधी स्विमिंग पूल पाहिला. मग पाण्याची टाकी. झाकण बंद होतं. दोन्ही बेसमेंट पालथी घातली.

"कोणाबरोबर खेळत होती?" मी विचारलं.

तिची आई खेकसली, "कोणाबरोबर खेळणार? जुई येतच नाही आता. पंधरा दिवस एकटीच असते!"

त्या पंधरा दिवसांचं कारण मला माहीत होतं.

जुई अन्वीच्याच नर्सरीतली. सोसायटीमागच्या गावात राहणारी. आजी तिला रोज खेळायला आणायची. बाहेरचं कोणी आलं की वॉचमन ॲपवर फ्लॅटला विचारतो, फ्लॅटने 'हो' दाबलं की आत. पण सेक्रेटरी मला म्हणाले होते, "झोपाळ्यावर गावातली पोरं नकोत. लेखी काही नको. तुम्ही बघून घ्या."

ॲडमिन लॉगिनमधून फ्लॅटच्या नावाने कायमचा नकार टाकता येतो. मग फ्लॅटला विचारणा जातच नाही. गेटवर दिसतं, 'फ्लॅटने नाकारलं'.

जुईसाठी मी तो अन्वीच्या फ्लॅटच्या नावाने टाकला होता.

"साहेब, इकडे!" जनरेटरमागून हाक आली.

कुंपणाच्या जाळीच्या आत अन्वी बसलेली. बाहेर जुई, शेजारी आजी. जुई जाळीतून एकेक कुरमुरा आत देत होती.

अन्वीला छातीशी धरून आई म्हणाली, "आजी, जुईला पाठवत का नाही हो?"

"तुमीच नको म्हनलात. गेटवर तसाच सांगितला."

"मी? कधी?" आईने माझ्याकडे पाहिलं.

"सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल, मॅडम."

आजी माझ्याकडे वळली. "सर्व्हरला नाव नाय का रे, बाला?"

एवढं बोलून जुईला उचलून ती निघून गेली.

नकार मी लगेच काढला. अन्वीच्या आईने दोनदा निरोप धाडला. जुई काही आली नाही. मुलगी शोधली म्हणून कमिटीने मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

तोंडी ऑर्डर पाळायचीच असेल, तर स्वतःच्या नावाने पाळावी. ॲपच्या जुन्या रेकॉर्डमध्ये जुईला नाकारणाऱ्याच्या जागी आजही अन्वीचाच फ्लॅट नंबर आहे.