नदीतले खडे

माझा स्वभाव संशयी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सासूबाईंपुढे मी कुठेच नाही.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीवर त्या शेळ्या राखत एकट्या राहायच्या. गेल्या वर्षी घसरून पडल्या, तेव्हा शेळ्या दिरांच्या गळ्यात घालून आम्ही त्यांना भोरला आणलं. आल्या आणि दम लागू लागला. डोंगर चढताना कधी न लागलेला दम आमच्या सपाट फरशीवर!

“तुझ्या हातचं मानवत न्हाई मला. एष्टीत बशीव.”

माझं डोकंच सणकलं. शेळ्यांकडे परत जायचं हे सोंग, असंच वाटलं मला. पण खरंच गेल्या आणि तिकडे एकट्या पुन्हा पडल्या तर? त्या भीतीने मला घास गोड लागेना.

मग मी पाळतच ठेवली. दम जेवल्यावर लागत नव्हता. लागायचा तो सकाळी, सूप घेऊन बसल्यावर. वाडीवरून त्यांनीच आणलेला जुना तांदूळ, पोटाला हलका म्हणून मुरवलेला आणि सोंडकिड्यांनी भरलेला. त्या पाखडायच्या आणि सगळा धुरळा नाकात जायचा.

त्यांना डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांचाही संशय तिथेच गेला. म्हणाले, “किड्याच्या कवचात कायटिन असतं, खेकड्याच्या कवचातही तेच. माणसाच्या शरीरात ते तयार होत नाही. म्हणून शरीराचे पहारेकरी त्याची भुकटीसुद्धा परकी म्हणून ओळखतात, किडा मेलेला असला तरी. काहींच्या छातीत मग नको तेवढा गोंधळ उडतो.”

“खेकडं खाऊन जलम गेला माझा!”

“आजी, पोटात जाणं वेगळं, छातीत जाणं वेगळं.”

घरी येईपर्यंत त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. डॉक्टरला हिनेच पढवलंय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पोतं मी घराबाहेर काढलं, नवा स्वच्छ तांदूळ आणला. दम थांबला. आणि सासूबाई पिशवी भरू लागल्या.

“ह्यात निवडाया काय बी न्हाई. बसून खायाला म्या काय पाव्हणी हाय?”

त्याच संध्याकाळी नदीवरून मूठभर बारीक खडे आणले, धुऊन वाळवले आणि तांदळाच्या डब्यात मिसळले.

सकाळी त्यांनी ताटात तांदूळ पसरला. एक खडा उचलून चष्म्याजवळ नेला, बोटांत फिरवला.

“ह्ये गिरणीतलं न्हाई. नदीतलं हाय.”

मी पाठ फिरवून भाजी चिरत राहिले.

“उद्या जरा जास्ती टाक,” त्या म्हणाल्या, आणि निवडू लागल्या.