फाटकबाईची मोजणी

धक्क्यावरच्या फाटकाशी उभी राहून ती एकोणीस वर्षं माणसं मोजत होती. तोंडावर सगळे मावशी म्हणत, पाठीमागे फाटकबाई. लाँचमध्ये माणसं एकशे वीस, त्यावर फाटक बंद. मग पुढचा साहेब असो नाहीतर साहेबाचा सासरा.

मोजण्याची तिची तऱ्हाच न्यारी. प्रत्येकाच्या दंडाला बोट लावायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायची. मध्येच कुणी काही विचारलं, तर उत्तरादाखल पुढचा आकडाच मिळायचा.

"मावशी, डिझेल कधी येणार हो?"

"सत्तेचाळीस."

"अहो, मी काय विचारतोय?"

"अठ्ठेचाळीस," आणि तोवर मागचा माणूसही आत. लोक हसून बेजार व्हायचे, पण आकडा कधी चुकला नाही.

यंदा ऐन सुट्ट्यांत डिझेलची टंचाई आली आणि दिवसाच्या आठ फेऱ्यांच्या तीन झाल्या. रांग तिकीटखिडकीला वळसा घालून थेट रस्त्यावर. कडेवरचं मूल मोजायचं नाही हा नियम, त्यामुळे दहा-दहा वर्षांची टोणगी पोरं आयांच्या कडेवर चढू लागली. "उतर रे बाबा, आईचं कंबरडं मोडेल," म्हणत ती त्यांनाही बोट लावायची.

त्या दिवशीची दुपारची फेरी शेवटची होती, पुढचं डिझेल चार दिवसांनी. पलीकडच्या गावात फाटकबाईच्या लेकीचं पहिलं बाळंतपण. उद्या सकाळी सिझेरियन, आणि लेकीनं फोनवर बजावलेलं, "तू आलीस तरच मी आत जाईन." म्हणून फाटकबाईनं रजा काढली होती. एवढी लाँच भरायची आणि त्याच लाँचनं निघायचं.

रांगेत एक टकले काका होते. सकाळी नेमकं त्यांच्या नाकासमोर फाटक बंद झालं, तेव्हा ते रागारागानं चहाला गेले आणि हातचा नंबर घालवून बसले. आता त्यांच्या दंडाला बोट लागलं, तसं त्यांनी विचारलं, "मावशी, तुमची जागा धरलीत ना?"

"त्र्याण्णव," फाटकबाई म्हणाली.

एकशे वीस झाले. तिनं फाटकाला कडी घातली, पिशवी उचलली आणि फळीवर पाय ठेवला. लाँचच्या चालकानं मान खाजवली. "मावशी, तुम्ही धरून किती?"

फाटकबाईचा चेहरा पडला.

"या हो, एकानं काय होतंय!" लाँचभर कालवा झाला. तिचा जीव लेकीत अडकला होता, पाय फळीवरून निघेना. पण फाटकाबाहेर तिनंच अडवलेली माणसं उभी होती, आणि ती सगळी तिच्याकडेच बघत होती. तिनं पाय मागे घेतला.

"यांना काय तोंड दाखवू?" ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

गर्दीतून वाट काढत टकले काका धक्क्यावर उतरले. "मी विचारलं होतं. तुम्ही त्र्याण्णव म्हणालात."

"अहो, पण तुमचं काम?"

"सासुरवाडीला निघालोय. चार दिवस उशिरा गेलो, तर तेही सुखात आणि मीही."

काकांचे दोन्ही पाय धक्क्यावर टेकल्याची खात्री करूनच ती लाँचमध्ये चढली. लाँच सुटते न सुटते तोच लेकीचा फोन आला.

"आई, निघालीस का गं?"

फाटकबाईनं पदरानं डोळे पुसले. "एकशे विसावी," एवढंच ती म्हणाली.

लेकीला त्यातलं काहीच कळलं नाही. पण मागे इंजिनाची धडधड ऐकू आली आणि तिकडे तीही रडायला लागली.