अख्खी सायकल

दारू पिणाऱ्याची रात्र सगळ्या मोहल्ल्याला दिसते. किशोर तायडेची दारू पहाटेची होती, म्हणून ती फार दिवस कोणाला दिसली नाही. उठल्या उठल्या हात थरथरायचे, आणि एक ग्लास पोटात गेल्याशिवाय ते स्वतःचे वाटायचे नाहीत. अमरावतीतल्या एका मंगल कार्यालयात तो भांड्यांच्या कोठीवर होता. लग्नाच्या दिवशी वरातीआधी पातेली, पराती, झारे मोजून द्यायचे आणि जेवणावळी उठल्या की मोजून घ्यायचे. थरथरत्या हातांनी ते जमत नसे, आणि थरथर थांबवायला घेतलेल्या ग्लासानंतर मोजणी जमत नसे. नोकरी गेली, परत मिळाली, पुन्हा जायच्या बेतात आली. त्याच सुमारास होस्टेल सोडून निघालेल्या एका पोराने त्याला आपली जुनी रेसर सायकल जवळजवळ फुकटात विकली.

शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटभर जाडीची चाकं, पायडलवर चामडी पट्ट्या. लोक हसले. पन्नाशीतला माणूस धनुष्यासारखा वाकून वलगाव रोडने जातो म्हटल्यावर हसणारच. पण सायकलचं खरं काम काय आहे हे फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, नीलमला, माहीत होतं. पहाटे तहान उठायची त्याच वेळी तो निघायचा. दारूचं दुकान वाटेवरच होतं. पण पाय पट्ट्यांत आवळलेले असत. उतरायचं म्हटलं तर आधी वाकून पट्टी सैल करावी लागे, आणि तेवढ्या वेळात दुकान मागे पडलेलं असे. तहान मागे काही अंतर पळत यायची आणि वलगावच्या अलीकडे कुठेतरी दमून बसायची. पेढी नदीच्या पुलावर तो थांबायचा, पाणी प्यायचा, वळायचा. सहा वर्षं असं चाललं. सहा वर्षं नीलम पहाटे अंथरुणात डोळे मिटून पडायची, उंबऱ्यावरून सायकल उचलल्याचा आवाज ऐकायची, आणि मग तिला खरी झोप लागायची.

यंदा उन्हाळ्यात नव्या सिमेंट रस्त्याच्या फटीत मागचं चाक गेलं. किशोरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चाकाचा मात्र आठाचा आकडा झाला.

इतवारा बाजारातले इसाकभाई जुन्या सायकलींचे जाणकार. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "चाक कहाँ है भाऊ, ही तं जिलबी हाय."

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. साध्या सायकलचं चाक लावून पाहिलं, तर दोन्ही बाजूंना जागा उरली आणि ब्रेक रिमपर्यंत पोचेना. गिअरच्या नव्या सायकलींची चाकं आणून पाहिली. ती किंचित लहान, ब्रेकचं रबर टायरलाच घासायचं, आणि त्यांचा आस इतका रुंद की मागच्या दोन नळ्यांमध्ये बसेचना. ठोकून बसवलं तर नळी तुटेल, असं इसाकभाई म्हणाले. मुंबईहून मागवता येईल असं एक चाक मोबाइलवर दिसलं. त्याची किंमत किशोरच्या पगाराहून जास्त होती, आणि ते बसेलच याची खात्री नव्हती.

दरम्यान सकाळ रोज होत होती. किशोर पायी जाऊन पाहू लागला. तहानही पायीच चालायची, त्याच्याच चालीने. शेजाऱ्याची साधी सायकल घेतली, तर दुकानासमोर आपोआप पाय जमिनीला टेकला. त्या दिवशी तो न पिता तसाच परत आला आणि दारात बसला. नीलम म्हणाली, मी येते सोबत. ती अंगणवाडीत मदतनीस, तिला स्वतःला सकाळी पळायचं असे. तरी ती आली. दोघं हात धरून चालले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि रस्त्यात हात धरायची ही पहिलीच वेळ. पण तो हात प्रेमाने धरलेला नव्हता, पळून जाणाऱ्या पोराचा धरतात तसा धरला होता, आणि हे दोघांनाही कळत होतं.

मग इसाकभाईंना आठवलं. अगदी अशीच एक सायकल त्यांनी पूर्वी अकोल्याच्या खुशालराव नावाच्या खेळाच्या मास्तरांना दिली होती. चौकशी केली तर मास्तर गेल्या वर्षी वारले होते. सायकल घरात असावी. किशोर बसने अकोल्याला गेला.

मास्तरांच्या पत्नी, इंदूबाई, सत्तरीच्या, घरात एकट्या. ओसरीत दोन हुकांना सायकल टांगलेली, वर जुनं धोतर पांघरलेलं. किशोरने धोतर बाजूला केलं आणि मागच्या चाकाला बोटाने ढकललं. चाक आवाज न करता फिरलं, फिरतच राहिलं. त्याने सांगितलं की फक्त मागचं चाक हवं आहे, जमेल तेवढे पैसे देतो. दारूचं सांगितलं नाही. पहिल्याच भेटीत, परक्या बाईच्या ओसरीत, ते कसं सांगणार.

इंदूबाईंनी पाणी दिलं, चहा दिला आणि मग घर दाखवलं. दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पुतणे जमले. शेत वाटलं, ते ठीकच, शेत वाटायचंच असतं. पण मग कपाट एकाने नेलं आणि त्याचे खण दुसऱ्याने. पलंग इकडे गेला, गादी तिकडे. घड्याळ एकाकडे, त्याचा पट्टा चांगला होता म्हणून तो दुसऱ्याकडे. सायकल कोणालाच नको होती, म्हणून ती एवढी राहिली.

"चाक देनार नाई मी," त्या म्हणाल्या. "न्याची असन तं अख्खी न्या. पैसे नोका देऊ. फक्त मोडू नोका, भाऊ. चालवा."

किशोरने हो म्हटलं. खरं तर त्याला आनंद झाला होता. चाकासाठी आला होता आणि चालती सायकल मिळत होती. काळीपिवळी जीपच्या टपावर ती दोरीने बांधून, मूर्तिजापूरला गाडी बदलून, तो बडनेऱ्यापर्यंत आला, आणि वाटेत प्रत्येक गतिरोधकाला खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी इसाकभाईंनी टायर-ट्यूब बघितली, तेल दिलं, साखळी साफ केली. मग हँडलखालच्या जोडावरची धूळ पुसताना त्यांचा हात थांबला. रंगाखाली केसाएवढी भेग होती. त्यांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल ओढलं, तशी भेग उघडली आणि मिटली. आतून गंज होता. वेल्डिंग होईल का, असं किशोरने विचारलं. नळी पापडासारखी पातळ, आगीने भोक पडेल, असं उत्तर आलं. ही सायकल पुलापर्यंत काय, चौकापर्यंत नेली तरी माणूस तोंडावर पडेल.

"पन फिकर कायची?" इसाकभाई पाना घेत म्हणाले. "पिछला चक्का एक नंबर हाय. काढतो अन् तुमच्या गाडीले लावतो. दहा मिनिट."

किशोर म्हणाला, थांबा, बाईंना विचारतो. विचारलं तर त्या नाही म्हणणार नाहीत, हे त्याला कळत होतं. भेगेचं सांगायचं, एवढंच. त्याने फोन लावला. तो काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "चालवली का वो?"

आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हौ काकू. चालवली."

पलीकडे इंदूबाई रडत असल्याचं त्याला कळलं. वर्षभरात पहिल्यांदा घरातून काहीतरी चांगल्या हातात गेलं, असं त्या म्हणाल्या. कुठवर गेला होता, हेही त्यांनी विचारलं. किशोरने वलगाव सांगितलं. फोन ठेवला आणि इसाकभाईंना म्हणाला, आज नको.

त्या संध्याकाळी दिवाबत्तीनंतर इंदूबाईंचा फोन आला. पुढच्या संध्याकाळीही. मास्तर कुठे कुठे जायचे ते त्या सांगायच्या आणि किशोर आपण कुठे जाऊन आलो ते सांगायचा. पेढीचा पूल, पलीकडची संत्र्याची बाग, चांदूर बाजारचा फाटा. बोलताना त्याचा आवाज इतका मोकळा असे की नीलमला घरात बसवत नसे. तिने आधी समजावलं, सांगून टाका म्हणाली. तो म्हणाला, उद्या सांगतो. उद्या सांगणं कालच्यापेक्षा अवघड व्हायचं, कारण कालची बागही आता कबूल करावी लागणार होती.

एका पहाटे नीलमने इसाकभाईंकडून आणलेला पाना त्याच्यासमोर ठेवला. दोन्ही सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक चाकाविना आणि एक चाकासकट निकामी.

"तुमी नसान काढत तं मी काढते," ती म्हणाली.

किशोरने चाकावर हात ठेवला. हात थरथरत होता, म्हणून तारा हलकेच किणकिणत होत्या. "राहू दे," तो म्हणाला. "त्या बाईच्या घरातलं एवढंच अख्खं राह्यलं."

"आन् आपल्या घरातलं?"

त्याने चाकावरचा हात काढला. ती पाना तिथेच सोडून चुलीकडे गेली. पाण्याचं पातेलं ठेवताना तिने उंबऱ्याकडे पाहिलं नाही. तो चप्पल घालत होता आणि ते ऐकू येत होतं.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. बाहेर चार माणसं उभी होती, एकमेकांकडे न बघता. किशोर पाचवा. पहिला ग्लास संपला तेव्हा खिशातला फोन वाजला. इंदूबाई कधी सकाळी फोन करत नसत. पहाटे मास्तर स्वप्नात आले म्हणून राहवलं नाही, असं त्या म्हणाल्या. आज कुठे आहात?

"पुलाच्या पुढं आलो, काकू," किशोर म्हणाला. दुकानदाराने दुसरा ग्लास भरून त्याच्यापुढे सरकवला. घशातली आग अजून निवली नव्हती. तो थांबून थांबून बोलत होता.

"दम कावून लागून राह्यला तुमाले?"

"चढ हाय," तो म्हणाला.

"मंग बोलू नोका," इंदूबाई म्हणाल्या. "चढा आधी." आणि त्यांनी घाईने फोन बंद केला.