ह्यांच्यावानी

आखाडा बाळापूरच्या बाजारातल्या बनियनवाल्याएवढा हट्टी माणूस देवानं दुसरा घडवला नसेल, आणि हे मी सांगतोय, ज्याच्या हट्टाला चार गावं भितात. गिऱ्हाईक समोर आलं की हा एक डोळा मिटायचा, खालीवर बघायचा आणि निकाल द्यायचा, "नव्वद!" म्हणजे छातीचं माप. टेप त्यानं कधी ठेवलाच न्हाई. कुणी म्हणालं, "मामा, मी पंच्याऐंशी घालतो," तर बनियन परत गठ्ठ्यात. "मंग तुमीच इका, मी घेतो." एक कंडक्टर त्याच्याशी तीन बाजार भांडला, चौथ्या बाजारी मुकाट नव्वद घेऊन गेला. कंपनीवर तर असा जीव, की जणू निम्मी कंपनी याच्या बापानं काढलेली. चड्डीचं लास्टिक गिऱ्हाइकाच्या कानाशी ताणून सोडायचा. "आवाज ऐका आमच्या कंपनीचा!" कंपनीला मात्र हा जिता हाय का मेला, याचा पत्ता नव्हता. नांदेडच्या ठोक दुकानदारानं एकदा कंपनीचं कॅलेंडर दिलं, ते तीन वर्षं दुकानाच्या कापडी पालात टांगलेलं. "तारखेला कोण इचारतंय? गड्याची छाती बघा."

त्या काळी गड्याचे आतले कपडे आमच्याकडं बायकाच आणायच्या. नवऱ्याचं नाव जिथं घेत न्हाईत, तिथं अंगाचं वर्णन कुठून करणार? मग बाई पालापुढं उभी राहायची आणि बाजारातल्या एखाद्या चालत्या माणसाकडं बोट दाखवायची, "ह्यांच्यावानी." एकदा एकीनं फौजदाराकडंच बोट केलं. तो तरातरा आला, "काय तक्रार आहे?" बनियनवाला हात जोडून म्हणाला, "कायी न्हाई साहेब, पंच्याण्णव."

आमची मंडळीही तशीच आणायची. मला जन्मभर बनियन ढगळ. खांद्यावरून पट्टी घसरायची, मी कंपनीला शिव्या द्यायचो आणि ती म्हणायची, "धुतल्यावर आटंल." एकही आटलं न्हाई.

ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षी घरातली बनियनं विरली. आणायला सांगावं असं कुणी उरलं नव्हतं. पहिल्यांदा मी स्वतः पालापुढं उभा राहिलो. बाजारात येताजाता तो मला ओळखायचाच. म्हणाला, "दाजी, आज तुमी? आक्का न्हाई आल्या?"

"न्हाई येणार ती आता."

 त्यानं एक डोळा मिटला आणि पंच्याऐंशी काढलं.

"मी शंभर घालतो," मी म्हणालो.

"तुमी पंच्याऐंशीच हाव दाजी. पयल्यापासून."

"मंग इतकी वर्षं शंभर काहून दिलंस? लेका, माप येतं का तुला?"

त्यानं बनियनाची घडी उगाच मोडली, पुन्हा घातली. "आक्का दर खेपेला तालमीच्या वस्तादाकडं बोट दाखवायच्या. मी एकदा म्हणलं, आक्का, दाजी काय एवढे न्हाईत. तर माझ्यावरच डाफरल्या, 'तुमाला काय ठाव?' म्हणून. मंग मी कवा बोललो न्हाई."

फौजदाराला न भिणारा हा माणूस माझ्या बायकोपुढं हरला होता.  

"शंभरच दे," मी म्हणालो.

आता भांडेल असं वाटलं. त्यानं मुकाट दोन शंभर कागदात बांधली आणि बसायच्या पोत्यावर जरा सरकला. "बसा."

त्यानंतर काम नसतानाही मी दर बाजारी त्या पोत्यावर बसू लागलो. दोघंही फार बोलायचो न्हाई. त्याच्याही घरी कुणी न्हाई, हे मला चार वर्षांनी चहावाल्याकडून कळलं. मी इचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. पुढं सडकेला काचेच्या दारांची कपड्याची दुकानं झाली, बायका स्वतः नंबर सांगू लागल्या, आणि एका बाजारी त्याचं पाल लागलं न्हाई. भाच्याकडं परभणीला गेला, म्हणाले. मला सांगून गेला न्हाई. मग मीही सांगावा धाडला न्हाई.

आता त्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या मांडलेल्या असतात. "बाबा, काय देऊ?" बादल्यावाला इचारतो. कायी न्हाई, म्हणतो मी, आणि ऊन उतरेपर्यंत जरा तिथंच उभा राहतो.