पैठणकरकाकांची जपानी गोष्ट

पैठणकरकाका रोज सकाळी दोन पेपर एकदम वाचायचे. एक मराठी, एक उर्दू. मराठी डाव्या मांडीवर, उर्दू उजव्या मांडीवर. एकाचं पान इकडून उलटायचं, दुसऱ्याचं तिकडून. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा म्हातारा ओट्यावर बसून पोहण्याची प्रॅक्टिस करतोय. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले आणि उभी हयात कचेरीत जुनी दप्तरं वाचण्यात गेलेली, त्यामुळं दोन्ही भाषांत त्यांना सारख्याच झटपट शिव्या देता यायच्या.

नवीन राहायला आलो तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, “काका, ह्या उर्दूचं सगळंच उलटं, नाही का?”

चष्म्यावरून बघत म्हणाले, “सरळच आहे रे. तू तिकडनं बघतोयस.”

हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायम पडीक असायचं. आमची कॉलनी बीड बायपासच्या पलीकडं, इथल्याच सातारा गावच्या डोंगराच्या पायथ्याला. तिथं आधी घरं झाली, मग घरांच्या मधून रस्ता गेला, मग पाइपलाइन टाकायची म्हणून तो रस्ता उखडला आणि पाइपलाइन काही आली नाही. लोक बोंबलायचे, की ह्या शहराचं कामच उलटं. काका म्हणायचे, “सरळच आहे. तुम्ही पाण्याच्या बाजूनं बघताय, ते टेंडरच्या बाजूनं बघतायत.”

आता दुष्काळाचं सांगतो. मी वाढवून सांगतो असं माझी बायको चारचौघांत म्हणते, पण ह्यात मी काही घातलेलं नाही. शहराचं नाव तेव्हा जुनंच होतं आणि विहिरी इतक्या आटल्या होत्या, की आमच्या बोअरमध्ये खडा टाकला तर आवाज दुसऱ्या दिवशी यायचा. धरणात मृतसाठा उरलाय असं पेपरात छापून यायचं. कॉलनीला दिवसाआड टँकर. सकाळपासून ड्रमांची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. साधी भांडणं नव्हेत. पहिल्या पानिपतात एवढी माणसं नसतील तेवढी आमच्या कोपऱ्यावर.

रांगेची सेनापती कडूबाई. मूळ कन्नडची, चार घरची धुणीभांडी करणारी. बाई घाटात ओरडली तर पार वैजापुरात कांद्याचा भाव पडायचा, असा आवाज. तिलाही एक भांडण आवरलं नाही. संतोष आणि रामेश्वर, दोघं एका भिंतीचे शेजारी, दोघं वैजापूरकडचे, दोघं वाळूजला कंपनीत. ड्रम पुढं सरकवण्यावरून शब्दाला शब्द लागला आणि संतोषनं ड्रमाचं लोखंडी झाकण रामेश्वरच्या डोक्यात घातलं. टाके पडले. पोलीस येऊ का म्हणाले तर रामेश्वर म्हणाला, “नका येऊ. मी बघून घेतो.” त्या दिवसापासून तो रांगेत यायचा तो ड्रमावर लोखंडी पाइप आडवा ठेवूनच. पाइपावरून नुसता हात फिरवायचा, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. आज ना उद्या ह्या रांगेत मुडदा पडणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा काका पुस्तक घेऊन आले.

ते पुस्तक जपानी. काकांच्या माडीवर वर्षभर एक जपानी इंजिनिअर भाड्यानं राहायचा. शेंद्र्याच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. काका त्याच्याशी मराठीत बोलायचे, तो काकांशी जपानीत, आणि दोघांचं इतकं जमायचं की नवरा-बायकोचं जमत नाही. जाताना त्यानं चित्रांच्या गोष्टीच्या पुस्तकांचा एक गठ्ठा काकांच्या पायाशी ठेवला आणि कमरेत वाकून गेला. पुस्तकांत एक शाळकरी पोरगा. डाव्या कानाला पट्टी, पाठीला दप्तर, हातात छत्री. छत्रीच्या दांड्यात पातं. दिवसा शाळा, शाळा सुटली की सुपारी घेऊन माणसं मारणं, हा त्याचा धंदा. पानोपानी रक्त, पण काळ्या शाईचं.

काकांनी पालथ्या बादलीवर बैठक मारली, मराठी पुस्तकासारखं डावीकडून पान उघडलं आणि खड्या आवाजात सुरू केलं, “ऐका. एका शाळेच्या गच्चीवर एक माणूस मरून पडलेला आहे.”

रांगेतले ड्रम ढकलायचे थांबले.

“तेवढ्यात एक पोरगा येतो. मुडद्याच्या छातीला छत्रीचं टोक लावतो. आणि काय चमत्कार! सांडलेलं सगळं रक्त सुरसुर करत परत अंगात. पातं बाहेर, जखम बंद. माणूस उठतो, शर्ट झटकतो आणि त्या पोराशी बोलत बोलत जिना उतरून निघून जातो.”

“या बया!” कडूबाई म्हणाली. “मेलेलं उठीवतंय?”

“उठवतंय. तो धंदाच आहे त्याचा.”

“आन् मंग बायको काय म्हनली त्याची?”

“काय म्हणणार? म्हणाली, होतात कुठं इतका वेळ, चहा निवाला.”

हसण्याचा असा गडगडाट झाला की टँकरचा ड्रायव्हर अस्लमभाई ब्रेक दाबून खाली उतरला. त्याला वाटलं, पुन्हा कुणाचं डोकं फुटलं.

त्या दिवसापासून टँकरच्या दिवशी गोष्ट. पोरगा दर टँकरला एक मुडदा उठवायचा. दोन तलवारवाले एकमेकांत गुंतलेले असायचे, ते मागं मागं सरत जायचे आणि शेवटी एकमेकांना वाकून नमस्कार करून आपापल्या घरी जायचे. माणसं आता भांडायला नाही, ऐकायला लवकर येऊ लागली. ज्यांच्या घरी पाणी होतं तेसुद्धा रिकामा ड्रम घेऊन रांगेत. एका पानावर पाऊस होता. काकांनी सांगितलं, की थेंब जमिनीवरून उठून ढगात चाललेत.

“पाऊस वर चाललाय व्हय?” कडूबाईनं कपाळाला हात लावला. “तरीच आपल्याकडं येईना!”

रामेश्वर हसायचा नाही. पण त्याचा ड्रम दर खेपेला थोडा काकांच्या बादलीजवळ सरकलेला असायचा. पाइप होताच.

चूक केली ती काकांनीच, आणि ती फुशारकीपायी. एका पुस्तकाच्या वेष्टनावर त्याच पोराचा खराखुरा फोटो होता. काका म्हणाले, “हे बघा, ह्याच्यावर पिक्चरसुद्धा निघालाय.” झालं! कॉलनी हात धुऊन केबलवाल्याच्या मागं लागली. धुवायला पाणी नव्हतं, तरी. त्या बिचाऱ्यानं कुठून कुठून शोधून हिंदीत केलेली सीडी पैदा केली आणि जाहीर केलं, की रविवारी दुपारी लावतो.

काकांचा चेहरा त्या आठवड्यात दुधीभोपळ्यासारखा झाला. रांगेत सांगत सुटले, “पिक्चरवाले नास करतात पुस्तकाचा. नका बघू.” आमच्याकडं एखादी गोष्ट बघू नका म्हटलं, की आंधळासुद्धा चष्मा शोधतो.

रविवारी दुपारी गल्लीत कुत्रं नव्हतं. घराघरांतून एकच पिक्चर. पोरगा गच्चीवर जातो. समोर माणूस. आमच्या घरात शेजारपाजारची वीसेक डोकी श्वास रोखून बसलेली, की आता हा उठवणार. पण माणूस तर उभाच होता! पोरानं छत्रीतलं पातं काढलं आणि खसकन घातलं. त्या क्षणाला अख्ख्या कॉलनीच्या खिडक्यांतून एकदम “अरे!” असं निघालं. देवगिरीच्या किल्ल्यावर ऐकू गेलं असेल. मी खिडकीतून समोर बघितलं. रामेश्वर टीव्हीसमोर ताठ बसलेला, आणि पाइप मांडीवर.

दुसऱ्या दिवशी टँकरची पाळी. रांग लागली, पण ड्रम कुणी पुढं सरकवेना. संतोष पुढं उभा होता आणि त्याच्या मानेवर घाम दिसत होता. रामेश्वर आला तो पाइप हातात घेऊन. संतोषकडं न जाता तडक काकांपुढं उभा राहिला.

“काका, फसिवलं तुम्ही. पोरगं मारतंय. उठवत बिठवत काय नाय.”

“कुठनं बघितलास?”

“कुठनं म्हंजे? सुरुवातीपासून बघितलाय.”

“मग तिथंच चुकलं.” काकांनी पिशवी मांडीवर ओढली. “सुरुवातीपासून कुणीही बघेल. तुझं तरी काय, तू झाकण लागलं तिथनं सुरू करतोस आणि पुढं पुढं चाललायस. पुढचं पान सगळ्यांना माहीत आहे. एक मुडदा, एक जेल. हे बघ.”

त्यांनी पिशवीतून सांगायचं राहिलेलं एकच पुस्तक काढलं. मधली सगळी पानं सोडून शेवटचं चित्र उघडलं. दोन शाळकरी पोरं एका छत्रीखाली चाललेली. एकाच्या कानाला अजून पट्टी नाही.

“हा आपला पोरगा. आणि हा दुसरा कोण, ओळख.”

रामेश्वरनं बघितलं. पान जवळ ओढलं. “गच्चीवरला,” तो म्हणाला.

“गच्चीवरचाच. बायको नव्हती त्याला, ती मी पदरची घातली. दोस्त होता ह्याचा. इथपर्यंत यायला म्हणून एवढे दिवस मी मुडदे उठवतोय लेका. आता तुझं सांग. तुमचं दोघांचं पहिलं चित्र कुठलं?”

मग कडूबाईचा आवाज फुटला, “मी सांगते की! एका जीपच्या टपावर बसून आलते दोघं वैजापुराहून. एक खोली, एक ड्रम. याला ताप आला तवा ह्यो संत्या त्याच ड्रमाच्या पान्यानं ह्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत व्हता. त्याच कपाळावर झाकन घातलं, मुडद्यांनो!”

संतोषची मान खाली गेली. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाला, तेही ड्रमाला सांगितल्यासारखं. रामेश्वरच्या हाताची मूठ पाइपावर घट्टच. पुढं काय होणार ते कुणालाही ठाऊक नव्हतं, काकांनाही नव्हतं. आणि तेवढ्यात टँकर आला.

आता मी जे सांगतो त्यावर विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका, तुमची मर्जी. अस्लमभाईनं नळी जोडली आणि ती मधोमध फाटून दोन झाली. पाणी मातीत. रांगेतून किंकाळी. अस्लमभाईनं नळी दाबून धरली, इकडं तिकडं बघितलं आणि त्याची नजर रामेश्वरच्या हातावर गेली.

“ओ भाई, वो पाइप दे ना जल्दी! जोडने कू होना!”

रामेश्वरनं पाइपाकडं बघितलं. मग मातीत जाणाऱ्या पाण्याकडं. दुष्काळात माणूस मारायचा विचार करता येतो, पाणी वाया जाताना बघता येत नाही. त्यानं पाइप पुढं केला. नळीचं एक टोक त्यानं पाइपावर चढवलं, दुसरं धरायला जो हात आला तो संतोषचा होता. असा चपखल बसला तो पाइप, की त्यासाठीच आणला असावा. रांग संपेपर्यंत दोघं दोन बाजूंनी दाबून बसले, भिजले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बोलले ते पुढच्या टँकरला. त्या दिवशी पाइप अस्लमभाईच्या टँकरवरच गेला.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि काका आजारी पडले. दवाखान्यात एका दुपारी मी त्यांच्या उशाशी उर्दू पेपर ठेवला. त्यांनी तो सवयीनं उजवीकडून उघडला, आणि माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. साठ-पासष्ट वर्षं हा माणूस उजवीकडून वाचत आला होता.

“काका,” मी म्हणालो, “जपानी पुस्तक उर्दूसारखंच असतं की काय? उजवीकडून?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“जपानी साहेब गेला त्याच रात्री बरोबर वाचलं होतं. झोप लागेना. इतकी कवळी पोरं, आणि काय ते मारणं. दोन दिवसांनी रामेश्वरचं डोकं फुटलं आणि तो पाइप घेऊन यायला लागला. म्हटलं, ही गोष्ट बरोबर सांगून काय करू? रामेश्वरच्या हाताला काम मिळेल तेवढं.” त्यांना धाप लागली. मग हसून म्हणाले, “मी गेल्यावर तू माझ्याबद्दल सांगत सुटशील. तुझ्या तोंडाला दार नाही. सांग, पण शेवटाकडनं.”

त्यांना दिलेला शब्द आहे. म्हणून सांगतो.

ज्वाळा लाकडांत शिरतात. लाकडं गार होतात. संतोष, रामेश्वर, अस्लमभाई आणि मी, आम्ही चौघं काकांना खांद्यावर घेऊन उलट्या पावली घरी आणतो. काका उठतात. सलाईन नळीतून बाटलीत चढतं. ते आपल्या पायांनी चालत कोपऱ्यावर येतात, पालथ्या बादलीवर बसतात. आमच्या ड्रमांतलं पाणी नळीत जातं, टँकर भरतो, टँकर विहीर भरतो. झाकण जाऊन ड्रमावर बसतं, रामेश्वरच्या कपाळावर काही खूण नाही. जीपच्या टपावरून दोन पोरं वैजापूरला निघालीत. कॉलनीचे रस्ते जातात, घरं जातात, डोंगराखाली ज्वारी उभी राहते. काकांचे केस काळे होतात. कचेरी मागं पडते, धोतराची चड्डी होते. किल्ल्याखालच्या दौलताबादच्या शाळेत एक पोरगं नव्या पाटीसमोर मांडी घालून बसलंय. पहिलाच दिवस. मौलवीसाहेब पाटीच्या उजव्या कडेला पहिलं अक्षर, अलिफ, काढतात आणि डावीकडं सरकतात.

“उलटं हाय की हे,” पोरगं म्हणतं.

मौलवीसाहेब हसतात. “सीधाइच है बेटा. तू उधर से देख रा.”