टाके नसलेलं ऑपरेशन

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. गाठ गुदाशयात, अगदी खाली, पण लहान. मोठं ऑपरेशन केलं तर गुदाशयच काढायचा. आजूबाजूला रोग पसरला असला तर तोही जातो, खात्री जास्त. पण मग शौचाची वाट पोटावर काढायची आणि जन्मभर पिशवी लावायची. नाहीतर पोटाला हात न लावता खालूनच तेवढी गाठ कापून घ्यायची. मात्र तिचा रिपोर्ट वाईट आला तर मोठं ऑपरेशन चुकायचं नाही, आणि चांगला आला तरी पुढं काही वर्षं तपासत राहायचं.

"लहान करा," मी म्हणाले. नवरा बघतच राहिला. पिशवी लावून माणसं चांगली जगतात, नोकऱ्या करतात, हे मलाही ठाऊक. पण मला ती नको होती, बास!

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचा जन्म कडोलीकडच्या शेतात गेलेला. त्या भडकल्याच. "हरळी वरवर उपटून जाती व्हय गं? मुळासकट खणाय पायजे!" त्यांचं काही चूक नव्हतं. तीच भीती मलाही झोपू देत नव्हती. पण हट्ट म्हणजे हट्ट.

ऑपरेशन झालं, घरी आले आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. शहाळी, मोसंबी, बिस्किटांचे पुडे. आता गंमत अशी, की आत्यांनी लाजेपोटी गावभर 'पोटाचं ऑपरेशन' म्हणून सांगून ठेवलेलं. बायका आल्या की पहिला प्रश्न, "टाकं किती पडलं?" आणि माझं पोट तर कोरं करकरीत! एक चुलत जाऊ स्वयंपाकघरात कुजबुजली, तेही मला ऐकू येईल अशा बेतानं, "ऑपरेशन झाल्यालंच न्हाय गं. डॉक्टरनं हात टेकलं असतील."

रिपोर्ट अजून यायचा होता. माझा जीव टांगणीला, आणि त्यात ही बया! डोकंच फिरलं माझं.

"इकडं या सगळ्या," मी कॉटवरनं ओरडले. "तुमचं रोज सकाळी जिथनं जातंय ना, तिथनंच माझी गाठ काढलीया. दाखवू?"

मग आत्याच पदर तोंडाला लावून फिस्सकन हसल्या आणि पाठोपाठ सगळं घर. हसणं ओसरल्यावर शेजारची म्हातारी जवळ सरकली. "मलाबी रक्त जातंय गं. मूळव्याध असंल म्हणून कुणाला सांगितलं न्हाय." तिच्या लेकाला मी तिथंच बोलावून घेतलं आणि डॉक्टरांचा पत्ता दिला.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरचीच, पण वरच्या थरापुरती, कापलेल्या कडेला रोग नाही. मोठ्या ऑपरेशनची गरज नाही. आत्यांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. वर बजावलं, "तपासाय जाताना मी संगं येणार. तुझा भरवसा न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासात बसले. सगळं साधं, रोजच्यासारखं झालं, आणि मला रडूच कोसळलं. हुंदके बाहेर ऐकू गेले असणार. आत्या दार बडवायला लागल्या.

"काय झालं गं? दुखतंय व्हय?"

"न्हाय, आत्या," मी नाक पुसत म्हणाले. "लई बरं वाटतंय."