पंपाखालची तीन टिंबं

माझा स्वभाव संशयी आहे असं सासरी आणि माहेरी दोन्हीकडे म्हणत, आणि मी ते कधी नाकारलं नाही. दूधवाल्याचं माप मी आधी उलटं करून आपटून बघायची. बाजारात वांगी घेतली तरी पाटीच्या तळाची घ्यायची, कारण वरची दाखवायला ठेवलेली असतात. अशा बाईच्या घरात मोटार आली म्हटल्यावर गॅरेजवाल्याचं आणि तिचं जमणार कसं?

आमची उतारूंची मोटार काष्टी ते नगर अशी चालायची. सकाळी निघायची, दुपारभर नगरच्या स्टँडवर थांबायची आणि संध्याकाळी तिथून परत फिरायची. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, स्वतःच चालवायचे. माझ्या पाटल्या मोडून ती घेतली होती आणि घरातली सगळी तोंडं तिच्यावर होती. ती बसली असती तर आम्हीही बसलो असतो, एवढं सरळ होतं.

युद्ध चालू होतं. पेट्रोल कुपनावर, आणि नवं सामान तर विलायतेहून येणंच थांबलेलं. त्यामुळे नगरच्या गॅरेजांत चांगलं सामान काढून घेतात आणि त्याजागी झिजलेलं बसवतात, अशी बोलवा होती. आमचा क्लीनर होता तोवर मला घोर नव्हता, तो गाडीपाशीच बसून राहायचा. पण तो पलटणीत भरती झाला, आणि तेव्हापासून आमच्या मोटारीला रोग जडला. रोगही असा की काष्टीत कधी व्हायचा नाही, नगरात व्हायचा. तिसऱ्या प्रहरी काहीतरी बिघडायचं, मोटार मिस्त्रीच्या गॅरेजात जायची आणि मालक रात्री तिथंच मुक्काम करून उजाडल्यावर परत यायचे. उन्हाळ्यात हे कमी व्हायचं, थंडीत वरचेवर. पैसे कमी का, म्हणून विचारलं की सांगायचे, मिस्त्रीने घेतले, डायनॅमो गेला होता. कधी कॉइल, कधी पंप.

मिस्त्री स्टँडजवळच्या पत्र्याच्या छपरात काम करायचा. नगरातलाच मुसलमान गृहस्थ, मालकांची आणि त्याची जुनी मैत्री. मैत्रीचीच मला जास्त धास्ती वाटायची. परक्याशी माणूस घासाघीस तरी करतो, मित्रापुढे मान खाली घालून पैसे मोजतो. आणि आमच्या मालकांचा स्वभाव असा की, कुणी अंगावरचा सदरा मागितला तर बटणं काढून द्यायला ते स्वतःच पुढे व्हायचे.

आमच्याकडे लग्नकार्यात घरोघरची भांडी गोळा होतात. कार्य उरकलं की ज्याचं त्याच्या घरी परत जावं म्हणून प्रत्येक घराची खूण भांड्याच्या बुडाला ठोकलेली असते. आमची खूण तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. भांड्यांचं जे चालतं ते मोटारीचं का चालू नये, असं एक दिवस माझ्या मनात आलं. मालक तापाने अंथरुणावर होते, मोटार दारात उभी होती आणि बाजारचा दिवस असल्याने तांबट गावात आलेला. मी त्याला बोलावून घेतलं. बॉनेटखालच्या वस्तूंची नावं मी क्लीनरला विचारून केव्हाच पाठ केली होती. तांबट आधी घाबरला, मोटार बिघडली तर माझ्या माथी येईल म्हणाला. मग पंपाच्या बुडाला, डायनॅमोला, कार्बोरेटरला हलक्या हाताने त्याने खुणा घातल्या. आतून मालकांनी विचारलं, ठोकतंय कोण? भांड्यांवर खुणा घालून घेतेय, असं मी सांगितलं.

मालक बरे झाले आणि आठवडाभरातच पुन्हा नगरात मुक्काम पडला. सकाळी आल्यावर म्हणाले, पंप गेला होता, मिस्त्रीने दुसरा घातला. ते अंघोळीला गेल्यावर बॉनेट उचललं आणि पंपाखाली बोट फिरवलं. तीन टिंबं आणि आडवी रेघ, जशीच्या तशी.

मी समजत होते की आमचं सामान चोरीला जातंय. इथं तर काही बदललंच नव्हतं आणि पैसे मात्र गेले होते. अंगाची लाही लाही झाली. पुढच्या खेपेला डायनॅमोचंही तेच निघालं, तेव्हा मी लुगडं बदललं आणि सकाळच्या गाडीत पुढच्या बाकावर जाऊन बसले. मालकांनी दोनदा विचारलं, कशाला येतेस? बांगड्या भरायला, असं सांगितलं.

मालक तिसऱ्या प्रहरी मोटार मिस्त्रीकडे घेऊन गेले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग छपरात शिरले. पंप बदलल्याचे पैसे घेतलेत तर नवा पंप दाखवा, असं मिस्त्रीला तोंडावर म्हटलं आणि खुणेचंही सांगितलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलंच नाही, मालकांकडे पाहिलं. दोन चोर एकमेकांकडे बघतात तसं ते बघणं मला वाटलं.

"वहिनी," तो हात पुसत म्हणाला, "पंप चांगलाच हाय. मी काय बदललं न्हाई, अन् पैसेबी घेतले न्हाईत."

मालक तोंड फिरवून उभे राहिले. माझा संशय तिथल्या तिथं मिस्त्रीवरून उठला आणि त्यांच्यावर जाऊन बसला. पैसे गेले कुठे? नगरात मुक्काम कशासाठी? शहरात तमाशाचं थेटर होतं, आणखीही काय काय होतं. मी म्हटलं, गाडी चांगली आहे ना, मग आज संध्याकाळी घरी जायचं, मी शेजारी बसते. मिस्त्री म्हणाला, आजची रात माझ्या घरी ऱ्हावा, उजाडताच जावा. इतकं आर्जव कुणी उगीच करतं का? मी हट्टालाच पेटले. तेव्हा तो मुकाट्याने स्टँडवर गेला आणि आज ही मोटार जाणार नाही, असं काष्टीच्या उतारूंना सांगून आला. आमचं भाडं बुडवलं म्हणून मी त्याला तिथंही चार शब्द सुनावले.

आम्ही दोघंच निघालो. छावणी मागे पडेपर्यंत ऊन होतं आणि मालक नेहमीसारखे चालवत होते. सूर्य बुडाला तशी गाडी मंदावली. युद्धामुळे मोटारीच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग द्यावा लागे, त्यांचा उजेड चाकापुढे हातभर पडायचा. पण अजून संधिप्रकाश होता, मला शेतातली माणसं दिसत होती. मालक स्टेअरिंगवर छाती टेकून बसले होते. मला वाटलं, थाप पचली नाही म्हणून तोंड लपवताहेत.

पुढे कडब्याने भरलेली बैलगाडी चालली होती. मला ती केव्हाची दिसत होती. मालक तिच्याकडे सरळ चालले होते, भोंगा नाही, ब्रेक नाही. मी आधी गप्प राहिले, मला घाबरवायला करताहेत असं वाटून. मग ओरडले, "अहो, बैलगाडी!" त्यांनी ब्रेक दाबला. कडब्याची टोकं काचेला लागली.

गाडीवान शिव्या देत निघून गेला. मालकांनी इंजिन बंद केलं.

"मला दिवस मावळला की दिसत न्हाई," ते म्हणाले.

क्लीनर होता तोवर तो शेजारी बसून सांगायचा, डावं घ्या, उजवं घ्या, पुढं बैल हायेत. तो गेल्यावर मिस्त्रीने वाट काढली. संध्याकाळी मोटार बिघडली म्हणायचं, उतारू दुसऱ्या गाडीने जातात, कुणाचा जीव जात नाही आणि लायसनही राहतं. परतीच्या खेपेचं भाडं मिळायचंच नाही, तेच पैसे ते मला मिस्त्रीच्या नावावर सांगत होते. हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. पण मला एक गोष्ट लागली होती, आणि तीच मी विचारली.

"मिस्त्रीला सांगितलंत. मला का न्हाई?"

"तुला खरं वाटलं नसतं."

रस्त्याच्या कडेची बाभूळ मला दिसत होती, तिच्या फांदीवरचं घरटंसुद्धा दिसत होतं. मी उजवा हात वर केला आणि त्यांच्या तोंडासमोर, अगदी नाकाशी, तीन बोटं धरली.

"किती बोटं?" मी विचारलं.

त्यांनी मान इकडं वळवली, मग तिकडं.

"कुठं?" ते म्हणाले.